पूजेचा धागा आणि थंडी वाजणारी गाडी

हौसेनं घेतलेली जुनी दोन सीटांची स्पोर्ट्स कार कळंबच्या चिंतामणीसमोर पूजा करून घरी आणली, आणि दुसऱ्या दिवसापासून ती सुरूच होईना. स्टार्टर फिरायचा, पेट्रोलचा भपकारा यायचा, इंजिन मात्र ढिम्म. प्लग काढावेत तर पेट्रोलनं चिंब. पुसून लावले की पुन्हा तेच. आठवडाभर मी आधी पंपवाल्याला शिव्या घातल्या, मग गाडीच्या जुन्या मालकाला. शेवटी ओळखीच्या ट्रॅक्टर मिस्त्रीला बोलावलं.

त्यानं बॉनेट उघडून जरा वेळ आत पाहिलं. म्हणाला, "गाडीले थंडी वाजून राह्यली."

मे महिन्यातलं यवतमाळचं ऊन. मी चिडलो. त्यानं शांतपणे इंजिनवरचा एक सेन्सर दाखवला. इंजिन किती तापलंय हे तो गाडीच्या कॉम्प्युटरला कळवतो. त्याची वायर निघाली, की कॉम्प्युटरला वाटतं इंजिन बर्फात आहे, आणि तो पेट्रोल ओततच राहतो.

वायर निघालेलीच होती. पूजेचा लाल धागा तिलाच बांधलेला होता, सुटू नये म्हणून करकचून ओढून.

"हे कोनं बांधलं?"

"मीच," मी म्हणालो.

त्यानं धागा सोडला, वायर बसवली, प्लग वाळवले. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारला. दोनदा खोकून गाडी गुरगुरायला लागली.

मग त्यानं तो धागा कपाळाला लावला आणि माझ्या मनगटावर बांधला.

"गाडीले याचं काम नाही, भाऊ. तुमाले आहे."