दाव्याला बांधलेलं हेलिकॉप्टर

सत्तर-एकाहत्तरच्या सुमाराला मिरजगावात एक मिस्त्री आमच्या खळ्यावर रोज सकाळी यायचा. धंदा विहिरीवरची इंजिनं दुरुस्त करायचा, पण नाद भलताच. मोटारसायकलचं इंजिन लावून त्यानं एका माणसापुरतं हेलिकॉप्टर बनवलं होतं आणि ते उडवायला शिकत होता. मी डाळ निवडते तसा आधी एकेक नट चाचपायचा. मग बैलांच्या दाव्यांनी ते चार खुंट्यांना बांधायचा. हातभर वर गेला की लगेच खाली. "हो, हो, दमानं," हे इंजिनाला म्हणायचा की स्वतःला, कोण जाणे.

एकदा सरपंच माणसं घेऊन बघायला आले. "आरं, कोंबडीबी याच्यापरीस वर उडती! सोड की दावी!"

त्याचे कान लाल झाले. मला वाटलं, आता हा इरेला पेटून मरतोय. त्यानं खरंच एक दावं सोडलं.

"बसा सरपंच. तुमी बसा, बाकीची मी सोडतो."

सरपंचांना एकदम कर्जतचं काम आठवलं. माणसं हसली. मी पदर खोचला आणि म्हणाले, "त्यांचं राहू दे, मी बसते."

त्यानं घाईघाईनं ते दावं पुन्हा खुंटीला बांधलं. "न्हाई मावशे, तू खरंच बसशील."