जीपमधला मधला माणूस

सैन्यातून नाईक म्हणून बाहेर पडलो आणि धुळ्याकडे पोलिसात लागलो. नव्वदच्या आसपासची गोष्ट. त्या हिवाळ्यात आमची नाकाबंदी अमळनेर रस्त्यावर होती. हवालदार निकम प्रमुख, मी वायरलेसवर. सीमेवरच्या पहाऱ्यापुढे हे काम मला सोपं वाटायचं.

उजाडलं होतं, पण धुकं हटत नव्हतं. कापसाच्या बैलगाड्या हळूहळू पुढे सरकत होत्या. त्यांच्यामागे एक उघडी जीप अडकली. निकम रांगेच्या कडेने चालत गेले आणि लगेच परत आले. आवाज अगदी खाली.

"मागच्या सीटवर तिघं आहेत. मधल्याच्या तोंडातून वाफ निघत नाही."

मी पाहिलं. बैलांच्या नाकातून वाफ निघत होती. ड्रायव्हरच्या, कडेच्या दोघांच्या तोंडातून निघत होती. मधला म्हातारा घोंगडीत गुरफटलेला. डोळे उघडे, थेट माझ्याकडे. पापणी लवत नव्हती. सैन्यात मृतदेह पाहिले होते. असा ताठ बसून बघणारा पाहिला नव्हता.

"कंट्रोलला कळव. मग गाडी बाजूला घेतो."

मी कळवलं, "जीपमध्ये एक इसम श्वास घेत नाही. गाडी थांबवतो आहोत. ओव्हर."

निकम जीपच्या पायरीवर चढले. "यांना काय झालं?"

"आबाले ताप शे," कडेचा अहिराणीत म्हणाला. "धुयाले दवाखानामा लई जातस."

निकमांनी म्हाताऱ्याच्या कपाळाला हात लावला आणि झटकन मागे घेतला. त्याच क्षणी ड्रायव्हरने जीप रांगेबाहेर काढून दामटली. निकमांनी झेप घेऊन स्टिअरिंग धरलं. सोडलं नाही. जीप रस्त्याकडेच्या चारीत उलटली. निकम खाली सापडले. आम्ही बाहेर काढलं तेव्हा ते गेले होते.

म्हाताऱ्याच्या पोटाला अफूच्या पिशव्या बांधलेल्या होत्या.

कोर्टात बचावाच्या वकिलांनी एकच मुद्दा धरला: माल सापडल्यावर पोलिसांनी संशयाचं कारण रचलं. गाडी अडवायला आधी काही आधारच नव्हता. निकम सांगायला नव्हते. मी सांगितलं. झडतीआधी आलेला संदेश कंट्रोलच्या ऑपरेटरनेही सांगितला. न्यायाधीशांनी कारण पुरेसं मानलं. ड्रायव्हरसह तिघांना शिक्षा झाली.

बाहेर निकमांच्या पत्नी उभ्या होत्या.

"भाऊ, त्यांनी गाडी उगाच अडवली नव्हती ना?"

"नाही वहिनी. कारण होतं."

त्यांनी मान हलवली आणि देवपूरच्या रस्त्याला लागल्या.

म्हाताऱ्याची ओळख शेवटपर्यंत पटली नाही. न्यायला कुणी आलं नाही. पांझरा नदीकाठच्या स्मशानात निकमांना बंदुकांची सलामी मिळाली होती. काही दिवसांनी तिथेच त्यालाही अग्नी दिला. त्याच्यासाठी मी एकटाच सावधान उभा राहिलो.