गाडीच्या कागदावरची सही

कुणी सेकंडहँड मोटारसायकल घेतली असं कानावर आलं, की मला अजूनही ती बाई आठवते. निवृत्त होऊन काही वर्षं झाली. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यातले पुष्कळसे विसरलोही. हे प्रकरण कागदावर अगदी किरकोळ होतं. पण ते मनातून गेलं नाही, आणि आता जाऊ नये असंच वाटतं.

मी तेव्हा खाडीच्या तोंडावरच्या एका लहान ठाण्याचा प्रभारी होतो, रेवदंड्याच्या बाजूला. माझ्या सगळ्या नोकरीतली ती सुखाची जागा. सकाळची हजेरी झाली की आवारातल्या सुरूच्या सावलीत चहा यायचा. समोर काठ्यांवर बोंबील वाळत असायचे. तो वास गणवेशात इतका मुरायचा की सुट्टीला घरी गेलो की बायको मला आधी न्हाणीघर दाखवायची, मग चहा. आमचे हवालदार त्याच भागातले. कुठली होडी कुणाची हे त्यांना माहीत होतंच, पण कुणाचं कुणाशी बोलणं बंद आहे हेही तोंडपाठ. माझा निम्मा तपास तेच करायचे आणि श्रेय मला द्यायचे.

त्या पावसाळ्याआधी तिथल्या कोळीवाड्यातला एक तरुण नाहीसा झाला होता. एकटाच लहान होडी घेऊन जाणारा माणूस. त्याची होडी खाडीच्या तोंडाशी रिकामी वाहत आलेली सापडली. आम्ही शोध घेतला, कोळीवाड्यानं आपल्या होड्या काढल्या, किनाऱ्यावरच्या सगळ्या ठाण्यांना कळवलं. हाती काही लागलं नाही. मात्र त्याची मोटारसायकलही बंदरावर नव्हती. यावरून गावात दोन तट पडले. काही म्हणत, बुडाला. काही म्हणत, बायकोशी भांडून गाडीवरून पळाला, होडी नुसती दोर सुटून गेली.

नवल म्हणजे त्याची बायको दुसऱ्या तटात होती. भांडण झाल्याचं ती स्वतःच सांगायची. ती टोपली घेऊन अलिबागच्या बाजारात मासळी विकायला जायची. टोपलीतलं पाणी गळतं म्हणून रिक्षावाले तिला घेत नसत. आदल्या दिवशी ती नवऱ्याला बोलली होती, तुझी गाडी तुझ्या एकट्याच्या मिरवण्यापुरती आहे, मला तिचा काय उपयोग? तो काही न बोलता झोपला आणि सकाळी ती उठायच्या आत गाडी घेऊन गेला. तो रागावून गेला आहे, राग उतरला की येईल, असं तिनं धरून ठेवलं होतं. म्हणून मिसिंगची तक्रार द्यायलाही ती तयार नव्हती. "हरवला न्हाय तो सायेब, रुसलाय," असं म्हणायची. तिच्या सासऱ्यांनीही तिला डावलून जबाब दिला नाही. आमच्या स्टेशन डायरीत नोंद होती, पण मिसिंग दाखल नव्हती.

पावसाळा सरला, नवरात्र आलं आणि एका दुपारी ती धावतच ठाण्यात आली. हातात मोबाईल. गाडी नावावर करून घेण्यासाठी अर्ज आल्याचा आरटीओचा मेसेज तिला आला होता. नवऱ्याचा फोन दर दोन-चार महिन्यांनी समुद्रात पडायचा, म्हणून गाडीच्या कागदावर त्यानं नंबर हिचा दिलेला. मेसेज इंग्रजीत होता, तो तिनं औषधाच्या दुकानात वाचून घेतला होता.

"सायेब, जिता हाय तो. गाडी इकलीन त्यानं. सही केल्याबिगर गाडी इकता येत न्हाय ना?"

"येत नाही," मी म्हटलं. यात खोटं काही नव्हतं.

"मंग शोधा त्याला. आनि त्याला सांगा, मी काय बोलनार न्हाय. गाडीचं कायबी बोलनार न्हाय."

मी पत्र देऊन आरटीओकडून अर्जाची प्रत मागवली. विकणाऱ्याच्या जागी त्याची सही होती. बँकेतल्या सहीशी ताडून पाहिली, तर अक्षर न् अक्षर जुळत होतं. खाली तारीख होती गणपतीच्या आसपासची, म्हणजे तो नाहीसा झाल्यावर कितीतरी महिन्यांनंतरची. हवालदार आनंदानं म्हणाले, "साहेब, पठ्ठ्या कुठंतरी मजेत बसलाय. सापडला की आधी मीच दोन देतो." खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं. पोलिसाच्या वाट्याला चांगली बातमी क्वचित येते, आणि ती आली की आपण ती जरा घाईनं खरी मानतो.

गाडी विकली होती अलिबाग रस्त्यावरच्या एका एजंटानं. जुन्या गाड्या घ्यायच्या, धुऊन-पुसून विकायच्या, कागदांचं काम करून द्यायचं, असा त्याचा धंदा. मी त्याला ठाण्यात बोलावलं.

"मालक स्वतः आला होता साहेब. माझ्यासमोर साइन केली. एकदम ओके व्यवहार."

"कधी?"

"महिना झाला असेल. गाडी चालवतच आला ना."

"कसा दिसत होता?"

त्यानं क्षणभर विचार केला. "बारीक झाला होता. दाढी वाढलेली."

मी त्याला घरी जाऊ दिलं. बाई बाहेर बाकावर बसून होती. तिला सगळं सांगू नये, असा आमचा नियम. पण दाराला कान होतेच. ती उठून म्हणाली, "दाढी लवकर येते त्याची." आणि हसली. इतक्या महिन्यांत मी तिला हसताना पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गाडीचा पंचनामा करायला आम्ही घेणाऱ्याकडे गेलो. ते जवळच्याच बौद्धवाडीत राहणारे जिल्हा परिषदेच्या शाळेतले गुरुजी. पोलीस दारात बघून त्यांचा चेहरा उतरला. त्यांच्या शाळेतल्या इतर मास्तरांच्या गाड्या वर्षानुवर्षं कुणा भलत्याच्याच नावावर होत्या. कोण धरतंय, म्हणून ते गुरुजींची थट्टा करत. गुरुजी मात्र नाव आणि विमा दोन्हीसाठी एजंटाच्या मागे लागले होते. त्यांनी हट्ट धरला नसता, तर तो अर्ज झाला नसता आणि बाईला मेसेजही गेला नसता.

"साहेब, मुलांना नियम शिकवायचे आणि आपण दुसऱ्याच्या नावाच्या गाडीवर फिरायचं, हे मला पटत नाही," ते म्हणाले. "उद्या कुणाला धक्का लागला तर विमा कंपनी पहिलं विचारणार, गाडी कुणाची? मी काय सांगू?"

"तुम्ही बरोबरच केलंत," मी म्हटलं. "गाडी कशी आहे?"

"आता चांगली आहे. घेतली तेव्हा सुरूच होईना. एजंट म्हणाला, बॅटरी उतरली. मी मेकॅनिककडे नेली, तर सायलेन्सरच्या तोंडात कुंभारीण माशीनं माती भरलेली. हेडलाइटच्या मागेही तिचं घर होतं. ते मी ठेवलंय, शाळेत मुलांना दाखवायला."

त्यांनी आतून ते मातीचं घर आणलं. मी ते हातात घेऊन उजेडात धरलं. कुंभारीण माशी चालत्या गाडीत घर बांधत नाही. गाडी महिनोन् महिने एका जागी उभी होती. मग मालक महिन्यापूर्वी ती चालवत आला कसा?

हवालदारांनी गुरुजींकडून ते घर मागून घेतलं.

एजंटाला पुन्हा बोलावलं. या वेळी मी काही विचारलं नाही. गुरुजींकडून मागून आणलेलं ते मातीचं घर टेबलावर ठेवलं आणि फाइल वाचत बसलो. माझा अनुभव असा, की खोटं बोलणाऱ्या माणसाला प्रश्न विचारला की तो उत्तर बनवतो. विचारला नाही की त्याला घाम फुटतो. त्यानं दोनदा पाणी मागितलं.

"कुठून आलं हे साहेब?"

"तुझ्या दुकानातनं. किती दिवस उभी होती गाडी?"

मग तो बोलला. विक्रीच्या फॉर्मवर घेणाऱ्याचं नाव आणि तारीख भरून मगच मालकानं सही करायची असते. पण आपल्याकडे गिऱ्हाईक मिळायच्या आधीच कोऱ्या फॉर्मवर सही करून मोकळं व्हायची पद्धत पडून गेली आहे. एजंटाला ते सोयीचं, मालकाला पुन्हा खेप नको. त्या तरुणानंही तेच केलं होतं. सही खरी होती, त्याचीच होती. तारीख एजंटानं आपल्या हातानं टाकली होती.

"तो कधी आला होता तुझ्याकडे?"

"ज्या दिवशी बुडाला ना साहेब, त्याच दिवशी सकाळी. गाडी दिली आणि रिक्षानं परत गेला. दुपारच्या भरतीला होडी काढायची आहे म्हणाला." तो मान खाली घालून पुढे सांगू लागला. "गाडीच्या बदल्यात त्याला स्कूटर पाहिजे होती, बिनगिअरची. एक पसंत केली. पुढे पाय ठेवायच्या जागेत मासळीची टोपली बसते का, ते बघायला माझ्याच दुकानातला टब उचलून ठेवून बघितला त्याने. बायकोला रिक्षावाले घेत नाहीत बोलला. स्कूटर तिच्या नावावर कर, विमापण तिच्याच नावाचा कर. उद्या तिला घेऊन येतो बोलला."

"मग?"

"मग दोन दिवसांनी ऐकलं, बुडाला. गाडीला विचारायला कोणी आलं नाही. मी ताडपत्री टाकून ठेवली."

"आणि दाढी?"

"तुम्ही विचारलं म्हणून बोललो साहेब."

मला इतका संताप आला की मी उठून बाहेर गेलो. बाहेर बाकावर ती बसलेलीच होती. तिथून परत आत जाणंही शक्य नव्हतं. मी तिच्याशेजारी बसलो आणि आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. कोरा फॉर्म, तारीख, स्कूटर, टब. ती सबंध वेळ समोर बघत होती. माझं संपल्यावर तिनं एवढंच विचारलं, "टप ठेवून बघितलान?"

"हो."

"मंग रुसला न्हवता तो."

"नाही."

आणि मग ती रडली. मोठ्यानं, पदरात तोंड न लपवता. रुसून गेलेला माणूस परत येऊ शकत होता. तिच्यासाठी स्कूटर बघून दुपारी होडीवर गेलेला माणूस येणार नव्हता. हे तिला माझ्याआधी कळलं होतं. माझेही डोळे भरून आले, ते सांगायला आज मला लाज वाटत नाही. हवालदारांनी कुणालाच त्या बाजूला येऊ दिलं नाही.

एजंटावर बनावट कागदपत्रांचा गुन्हा दाखल झाला. गुरुजींना त्यानं पैसे परत केले, आणि ते पुढे बराच काळ एसटीनं शाळेत गेले. गाडी कोर्टाच्या आदेशानं बंधपत्रावर बाईच्या ताब्यात दिली. मी मात्र त्यानंतर कुणी गाडी विकायला निघाला की त्याला अडवून सांगत आलो आहे, कोऱ्या कागदावर सही करू नकोस. लोकांना वाटतं, म्हातारा फसवणुकीच्या भीतीनं बोलतोय. सही मागे राहते आणि माणूस गेल्यावरही त्याच्या नावानं काहीबाही बोलते, हे त्यांना कसं सांगू? त्या खाडीनं मला आणखी एक शिकवलं. ठाण्याची पायरी चढणारा माणूस दर वेळी आरोपी पकडून मागत नाही. पुष्कळदा त्याला फक्त खरं काय घडलं तेवढं हवं असतं, मग ते कितीही वाईट असो.

दिवाळी झाल्यावर ती सासऱ्यांना घेऊन आली आणि मिसिंगचा जबाब द्यायचा आहे म्हणाली. हवालदार लिहून घेऊ लागले. नाव, वय, उंची, अंगावरचे कपडे. पुढचा प्रश्न आला तसे ते अडखळले, पण विचारणं भाग होतं. "वहिनी, घरातनं जाताना काही भांडण, वाद?"

"भांडान व्हता," ती म्हणाली. "त्यानं मिटवलान."

हवालदारांनी पेन थांबवून माझ्याकडे पाहिलं. असं उत्तर लिहायची आमच्यात पद्धत नाही.

"त्या सांगतात तसंच लिहा," मी म्हटलं.