फुगलेली पाच पॅनेलं

युरोपातल्या प्रोजेक्टांची नावं आधी ठरतात, काम मागून. आमच्या प्रोजेक्टला एका ग्रीक देवीचं नाव होतं. लांबलचक शीर्षकातली सोयीची अक्षरं उचलून कोणीतरी ते जुळवून आणलं होतं आणि त्याचा सगळ्यांना केवढा अभिमान! तिकडच्या पाच-सहा युनिव्हर्सिट्या, दोन-तीन कंपन्या आणि त्यांच्यात ॲरिझोनातली आमची टेक्निकल युनिव्हर्सिटी. आम्ही कशाला? तर उन्हासाठी. त्यांना आपली सोलर पॅनेलं वाळवंटात तापवून बघायची होती, आणि ऊन तेवढं आमच्याकडे रग्गड होतं.

ही दोन हजार पाचच्या आसपासची गोष्ट. नवरा जवळच्या चँडलर गावात कॉम्प्युटर चिपच्या कंपनीत, मी युनिव्हर्सिटीत रिसर्च असोसिएट. असोसिएट म्हणजे पॅनेलं तपासायला छपरावर जाणारी. माझे सर मूळचे पुण्याचे, वीस वर्षं अमेरिकेत मुरलेले. बाकीचे विद्यार्थी त्यांना पहिल्या नावाने हाक मारायचे, मी मात्र ‘सर’ म्हणायची, आणि ते त्यांना मनापासून आवडायचं. वर्षातून दोनदा ते मीटिंगला युरोपात जायचे. परत आले की गळ्यात अडकवायचा तो बिल्ला टेबलावर आणि कुठल्यातरी जुन्या इमारतीच्या पायऱ्यांवर काढलेला ग्रुप फोटो भिंतीवर. एकदा मी विचारलं, “तीन दिवसांत काय ठरलं, सर?” तर म्हणाले, “पुढची मीटिंग लिस्बनला.” बोला आता!

मी नागपूरची. उन्हाचं मला कुणी कौतुक सांगू नये. पण त्या छपरावरचं ऊन वेगळंच होतं. पान्याला नुसता हात लागला तरी चटका बसायचा. दोन उन्हाळे मी तिथे रोज चढले. दुसऱ्या उन्हाळ्यात एका कंपनीच्या सोळांपैकी पाच पॅनेलांची पाठ फुगायला लागली. मागचा प्लास्टिकचा थर सुटून पापडासारखा वर आला होता. मी फोटो काढले, मोजमापं घेतली आणि रिपोर्टमध्ये दोन पानं लिहिली. ही पॅनेलं उद्या लोकांच्या घरांवर चढणार होती. ती फुगतात हे कळावं म्हणूनच तर आम्हाला प्रोजेक्टमध्ये घेतलं होतं, असा माझा भाबडा समज.

सरांनी ती दोन पानं काढून टाकली. मी परत घातली. त्यांनी परत काढली.

“अगं, त्याच कंपनीचे लोक आपल्याला पुढच्या प्रोजेक्टमध्ये घेतायत,” ते म्हणाले. “कुणाच्या घरी जेवायला गेल्यावर भाजीत मीठ कमी आहे म्हणतो का आपण?”

“पण सर, आपल्याला चव बघायलाच बोलावलंय.”

हे मात्र त्यांना झोंबलं. शेवटी तडजोड झाली. रिव्ह्यूचा कॉल होता, तिकडचे तपासनीस फोनवर प्रश्न विचारणार होते. “कुणी विचारलं तर मी स्वतः सांगीन, शब्द देतो,” सर म्हणाले. न विचारता सांगायची यांची टाप नव्हती. एवढा मोठा प्रोफेसर आणि पाच पॅनेलांना घाबरतो! मी घरी येऊन नवऱ्यासमोर त्यांची यथेच्छ नक्कल केली. त्याला हसू आवरेना.

तर तो कॉल. तिकडचे दुपारचे चार म्हणजे आमचे सकाळचे आठ, हे सरांना पाठ. पण मार्चअखेरीस तिकडे घड्याळं तासभर पुढे जातात आणि ॲरिझोनात कुणी घड्याळाला हात लावत नाही. त्यानंतर तिकडचे चार म्हणजे आमचे सात. वीस वर्षं या वाळवंटात राहून, दर वर्षी दोनदा युरोप करून, या माणसाच्या ते लक्षात नव्हतं. मी पॅनेलं थंड असताना पहिली नोंद घ्यायला लवकर आले होते. सातला लॅबमधला फोन वाजला. तिकडून प्रोजेक्टच्या कोऑर्डिनेटर बाई होत्या.

“आम्ही सगळे लाइनवर आहोत. प्रोफेसर आहेत ना?”

मी सरांच्या घरी दोनदा फोन लावला, कुणी उचलला नाही. तोवर तिकडे आमच्या स्लाइड्स कुणीतरी वाचूनही दाखवल्या. मग एक म्हातारा आवाज आला, सावकाश बोलणारा. तपासनीस होते ते. “उष्णतेमुळे पॅनेलांमध्ये काही दोष दिसला का? छपरावर तुम्हीच काम करता ना?”

सरळ विचारलं. मलाच विचारलं. फोटो माझ्या पुढ्यात होते. ‘हो, पाच पॅनेलं फुगली’ एवढंच म्हणायचं होतं. ओठांपर्यंत आलंही होतं, देवाशपथ!

आणि मी म्हणाले, “त्याबद्दल सर सांगतील.”

 मग कोऑर्डिनेटर बाई म्हणाल्या की हरकत नाही, प्रोफेसरांनी आज एक ओळ लिहून पाठवावी, आणि त्या पुढच्या मुद्द्याकडे वळल्या.

पावणेआठला सर कॉफी घेऊन आले. कॉल संपला हे ऐकून आधी चपापले, मग म्हणाले, “कुणी काही विचारलं का?”

“विचारलं, सर. तुम्ही सांगाल म्हटलं.”

त्यांचा चेहरा असा काही खुलला की तो अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. “शाबास! मॅच्युअर झालीस हं तू,” म्हणाले आणि उभ्याउभ्याच टाइप करायला लागले. मी शेजारी होते. त्यांनी लिहिलं की दोन उन्हाळ्यांच्या चाचणीत उल्लेखनीय दोष आढळला नाही. मी वाचलं. मी काही बोलले नाही. नक्कल करायला बरी जीभ चालायची माझी!

पाठवायच्या आधी ते थांबले. “काम सगळं तुझं आहे. तुझं नाव कुठेच नाही, हे बरोबर नाही.” आणि त्या ओळीखाली त्यांनी ‘चाचणी करणारी व्यक्ती’ असं लिहून माझं पूर्ण नाव घातलं. दोन वर्षांत पहिल्यांदा.

मी म्हणाले, “थँक यू, सर.” आणि सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी मला आनंद झाला होता.