‘असतं तर’च्या घरातली सून

इंग्रजी व्याकरणातला एक धडा मुखेडच्या मंजुश्रीला कुणी शिकवायची गरज पडली नाही. जे घडलंच नाही ते घडलं असतं तर काय झालं असतं, असल्या वाक्यांचा. त्या वाक्यांवरच ती वाढली होती. “गावात कॉलेज असतं तर तुला शिकवलं असतं,” माहेरी वडील म्हणायचे. भाऊ मात्र लातूरला खोली करून शिकला. लातूर त्याला जवळ होतं, हिला लांब.

लग्नाला वीस वर्षं झाल्यावर तिनं बाहेरून बी.ए.ला नाव घातलं. भाकरी थापताना घरातली वाक्यं मनातल्या मनात इंग्रजीत करायची. सरावाला कधी तोटा पडला नाही. आता फक्त शेवटचा इंग्रजीचा पेपर राहिला होता. तो सुटला की पदवी. आणि नेमकं त्या पेपरच्याच दिवशी थोरले दीर बसलिंगप्पा यांनी आपल्या पोरीचं, शिल्पाचं, लग्न धरलं.

“आधी सांगितलं असतंस तर तारीख बदलली असती,” सासूबाई उमाबाई म्हणाल्या.

“सांगितलं होतं, आत्या. वेळापत्रक तुमच्याच हातात दिलं होतं. त्याच कागदावर सुपारी ठेवून तुम्ही पाव्हण्यांपुढं केली.”

उमाबाईंनी हात झटकला. “मग पुढच्या साली दे. पेपर कुठं पळून चाललाय?”

“न्हाई. ह्याच साली देणार हाय.”

लग्नाच्या दिवशी पहाटे तिनं शिल्पाला हळद लावली आणि इरकल साडीतच नांदेडची एसटी धरली. मागून कोण काय बोललं ते तिनं ऐकलं, पण वळून पाहिलं नाही. पेपरात तो धडा होताच. पिवळ्या बोटांनी तिनं तो मान वर न करता लिहून काढला. बाहेर आली तेव्हा तिला स्वतःचा भयंकर अभिमान वाटत होता.

मंडपात पोचली तोवर अक्षता पडून गेल्या होत्या. फोटोवाला सामान आवरत होता. उमाबाईंनी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, “तू असतीस तर घरच्यांचा फोटो पुरा झाला असता.”

असली वाक्यं तिनं जन्मभर मुकाट गिळली होती.

“मी आत्ता हाय की, आत्या,” ती म्हणाली. “बोलवा सगळ्यांना.”

फोटोवाल्यानं उमाबाईंकडं पाहिलं. मंजुश्रीनं त्याला बॅग उघडायला लावली. फोटोत सुनांनी कडेला उभं राहायचं, ही घरची रीत. ती सरळ मधोमध गेली. शिल्पा हसून सरकली आणि तिनं काकूला जागा करून दिली.