चष्मेवाल्यांचे नितळ पाणी

२२ मार्च २०१९ रोजी जागतिक जल दिन होता, हे कोणीही पडताळून पाहू शकते. त्याच सकाळी चष्मेवाल्यांनी दिवाणखान्यातल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतले सगळे दगड नळाखाली घासून लख्ख केले; याला मात्र त्यांच्या पत्नीखेरीज साक्षीदार नाही.

टाकी मेहुणीची. परगावी बदली झाली तेव्हा तिने ती, आतल्या माशांसकट आणि फुलासारख्या उघडमीट करणाऱ्या जांभळ्या प्रवाळासकट, बहिणीच्या स्वाधीन केली. "ताई, भावजींच्या हाती ब्रश देऊ नकोस. प्रवाळ मिटलेलं दिसलं तर टाकी परत नेईन," असे वर बजावले. उभी हयात भिंगे पुसण्यात गेलेल्या माणसाला ते लागले. गाळणीसाठी त्यांनी जाड स्पंज आणि कोळशाची पिशवी निवडली होती; त्यात दगडही घासले. पाणी असे नितळ झाले, की टाकीपलीकडे धरलेले वर्तमानपत्र वाचता यावे. ते त्यांनी वाचूनही दाखवले.

प्रवाळ मात्र दुसऱ्या दिवशी मिटले ते मिटलेच.

"अगं, अक्षर न् अक्षर दिसतंय."

"दिसतंय हो. पण त्याला कुठं पेपर वाचायचाय?" पत्नी म्हणाल्या.

टाकीतल्या माशांशी रोज गप्पा मारायची सवय लागलेल्या चष्मेवाल्यांचा चेहरा पडला. मेहुणी महिनाअखेरीस येणार होती. बाटलीत पाणी घेऊन त्यांनी माशांचे दुकान गाठले. दुकानदाराने त्यात औषधाचे थेंब टाकले. पाणी हिरवे झाले.

"काका, अमोनिया झालाय. दगड धुतलेत?"

"पुसलेत," चष्मेवाले म्हणाले.

"घाण पचवणारे जिवाणू त्या दगडांतच राहतात. खरी गाळणी तीच होती. तुम्ही ती घासून काढलीत."

चष्मेवाल्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. मग घाण कुजण्याआधीच फेसाबरोबर बाहेर काढणारा स्किमर आणि जिवाणूंची बाटली घेतली. संध्याकाळी अर्धे पाणी बदलले, बाटली ओतली, स्किमर सुरू केला. तो खळखळू लागला.

"चला, आता घरात दोघं घोरणार," पत्नी म्हणाल्या. ब्रश त्यांनी कपाटात कुलूपबंद केला.

मेहुणी आली, वाकून पाहू लागली.

"भावजी, अर्धंच उघडलंय की."

"उरलेलं तुला बघून लाजतंय."

टाकी राहिली. प्रवाळ स्किमरने वाचवले, नव्या पाण्याने, बाटलीतल्या जिवाणूंनी, की कुलपाने, हे सांगता येत नाही. चारही उपाय एकाच संध्याकाळी झाले. कुलपाची किल्ली कुठे आहे, हेही चष्मेवाल्यांना अद्याप कळलेले नाही.