मोळीला बारदान नसतं

११ नोव्हेंबर, मंगळवार, सकाळी सव्वाअकरा. रक्कम सहा लाख रुपये. हजर माणसं पाच: अंथरुणावर सुलभाताई, खुर्चीत विमा कंपनीचे साहेब, पलंगाच्या पायथ्याशी यमुना, तिच्याशेजारी तिचा नवरा गोमा आणि दाराशी मी. सुलभाताई म्हणजे कर्जतच्या आमच्या भिसेगावातल्या वकील. गेली सव्वीस वर्षं त्यांनी एकाच प्रकारचे दावे चालवले. हात गेलेल्यांचे, पाय गेलेल्यांचे, मानेखाली निर्जीव झालेल्यांचे. यमुना ही त्यांची शेवटची अशील. डॉक्टरांनी ताईंचे दिवस मोजून सांगितले होते आणि ही बातमी कंपनीपर्यंत पोचली होती. त्याशिवाय साहेब घरी येण्याचं कारण मला दिसत नाही. ते फार सभ्यपणे बोलले. ताईंना बरं नाही, तारखा लांबतील, नवा वकील सगळं पहिल्यापासून वाचणार, त्यापेक्षा आज सही झाली तर पंधरा दिवसांत सहा लाख खात्यात. कागद तयारच होता.

मी भातगिरणीत हिशेबनीस आहे. आकडा कानावर पडला की डोकं आपोआप चालतं. सहा लाख ठेवीत, सात टक्के, महिना साडेतीन हजार. खरं सांगायचं तर मला ते घ्यावेसे वाटले. ताई गेल्यावर या बाईचं कोर्टात कोण, ही भीती मलाही होती. मी तसं बोललोही, "महिना साडेतीन हजार येतील, घरबसल्या." यमुना माझ्याकडे वळली. "घरात तर बसलेच हाय मी चार वरसं. त्याला अजून सही कशाला पायजे?"

ताई हसल्या आणि त्यांना खोकला आला. साहेबांनी ताईंकडे बघून विचारलं, "मॅडम, तुमचं मत?" ताई म्हणाल्या, "दावा तिचा आहे. तिला विचारा, आणि तिच्याकडे बघून विचारा." यमुनेनं ताईंनाच विचारलं, "तुमी नसलाव तर कोरटात कोण बोलंल?" ही गोष्ट त्या खोलीत इतक्या सरळ कोणीच बोललं नव्हतं. ताई म्हणाल्या, "नीता बोलेल. वकिलीत ती लहान आहे, पण घाबरत नाही. आणि हे दिवाणजी आहेत. हे एक किलो कापतील, पण खोटं बोलणार नाहीत." त्या किलोची गोष्ट पुढे सांगतो. यमुनेनं कुबडी जवळ ओढली, उभी राहिली आणि म्हणाली, "सायेब, चाय घ्या. सही नाय."

बारा दिवसांनी, २३ नोव्हेंबरला, ताई गेल्या. भाताचा हंगाम होता, रविवार असूनही गिरणी चालू होती. फोन आला तेव्हा काट्यावर पोतं होतं. मी आधी त्याचं वजन लिहिलं, पुढच्या माणसाला थांबायला सांगितलं आणि मग खाली बसलो. त्या आता नाहीत याला पंधरा आठवडे झाले.

आमची ओळख भांडणातून झाली. माझं घर त्यांच्या ऑफिसच्या शेजारी. ऑफिस म्हणजे पूर्वीचं किराणा दुकान, एक खोली, पुढे दोन पायऱ्या. एका सकाळी उठून बघतो तर पायऱ्या फोडलेल्या आणि त्या जागी सिमेंटचा उतार ओतलेला. उंची एक फूट, लांबी बारा फूट. त्यातला तीन फूट भाग माझी स्कूटर लागायची तिथे आला होता. मी टेप घेऊन गेलो आणि मोजून दाखवलं. त्या म्हणाल्या, "बरोबर मोजलंत. माझ्याकडे येणाऱ्यांना पायऱ्या चढता येत नाहीत. तुमची स्कूटर दोन पावलं पुढे लावता येईल की नाही?" मी म्हणालो, उतार थोडा कमी लांबीचा केला असता तर चाललं असतं. "कमी लांबीचा केला तर चाकाची खुर्ची उलटते. एकदा उलटली आहे." मी स्कूटर पुढे लावायला लागलो. महिन्याभरात त्यांच्या दाव्यांचे तक्ते माझ्याकडे यायला लागले. औषधांची बिलं, गाडीभाडं, बुडालेली मजुरी. बेरजा त्यांना जमत नव्हत्या आणि ते त्या कबूल करत.

त्यांची कामाची रीत मला पहिल्यांदा वेळखाऊ वाटायची. अशील आला की त्या अपघाताबद्दल आधी विचारतच नसत. "आदल्या दिवशी उठल्यापासून काय काय केलंस ते सांग," इथून सुरुवात. पाणी किती हंडे, कुठून, चढ की उतार. दोन तास त्यातच जायचे. मग त्या जागेवर जात, स्वतः, फोटोवर त्यांचा विश्वास नसे. कळंबच्या बाजूला एका रिसॉर्टमध्ये पाहुणे घेऊन आलेला एक ड्रायव्हर दुपारी पोहण्याच्या तलावात उतरला होता. वरून सूर मारला आणि मान मोडली. तो दारू प्यायला होता, असं मालकाचं म्हणणं. ताई तिथे वेळूची काठी घेऊन गेल्या, टेप माझ्या हातात. पाणी साडेतीन फूट आणि काठावर खोलीचा आकडा कुठेही रंगवलेला नाही. मॅनेजर म्हणाला, "मॅडम, इथे सगळ्यांना माहीत असतं." ताई म्हणाल्या, "तुम्हाला माहीत आहे ना? मग लिहायला किती रंग लागला असता?" तो दावा अजून चालू आहे. त्या माणसाचा फक्त उजवा अंगठा हलतो, आणि साक्षीच्या कागदावर त्यानं तोच उठवला.

यमुनेचं असं झालं. ती खालापूरच्या वरच्या अंगाला डोंगरात असलेल्या ठाकरवाडीतली. मळ्यावरचं खुरपणीचं काम संपवून सात बायका टेंपोतून परत येत होत्या. लोधिवलीजवळ जुन्या हायवेवर मागून ट्रकनं धडक दिली. सहा जणी खरचटून वाचल्या. यमुनेचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला. तेव्हा ती बत्तीस वर्षांची होती. पोलिसांच्या कागदावर व्यवसायाच्या रकान्यात "घरकाम" लिहिलं होतं, आणि कंपनीचं सगळं म्हणणं त्या एका शब्दावर उभं होतं. बाई घरी असते, कमावत नाही, पगाराची पावती नाही, बँकेचं पुस्तक नाही. तेव्हा नुकसान ते काय?

ताई मला घेऊन वाडीवर गेल्या. नेहमीप्रमाणे दिवसाची उजळणी झाली. पहाटे रानात, मोळी घेऊन खाली खालापूरला, विकून परत, मग मजुरी मिळाली तर मजुरी. पावसात भाताची आवणी, उन्हाळ्यात करवंदं आणि आळूची फळं. मोळी किती जड असते, असं ताईंनी विचारलं. कोणी हात रुंद करून दाखवला, कोणी म्हणालं, "उचलून बगा नि मंग सांगा." तेव्हा यमुनेची सासू उठली आणि आम्हाला झोपडीच्या मागे घेऊन गेली. कुडाला टेकवून एक मोळी उभी होती, वेलीनं बांधलेली, वर पत्र्याचा तुकडा झाकलेला. अपघाताच्या दिवशी पहाटे यमुनेनं आणलेली. मजुरीला जायची घाई होती म्हणून ती विकायला नेली नव्हती. "तिच्या दोन पायांवर आलेली शेवटची हाय," म्हातारी म्हणाली, "चुलीत घालवत नाय." तीन पावसाळे त्यांनी बाहेरून लाकडं आणली, प्रसंगी उसनी आणली, पण ती मोळी सोडली नाही. ताई मोळीजवळ गेल्या आणि मला म्हणाल्या, "दिवाणजी, तुमच्या काट्याला सरकारी शिक्का आहे ना?"

मोळी टेंपोतून कर्जतला आली. गिरणीच्या काट्यावर मी ती ठेवली, वजन केलं आणि पावती लिहिली. आमच्या पावतीला तीन रकाने असतात: एकूण, बारदान, निव्वळ. बारदान म्हणजे रिकाम्या गोणीचं वजन. पोत्यामागे एक किलो वजा करायचा आणि उरेल त्याचे पैसे शेतकऱ्याला द्यायचे. वीस वर्षं माझा हात हेच लिहितोय. मी लिहिलं: एकूण ३४, बारदान १, निव्वळ ३३. सही केली, शिक्का मारला. ताईंनी पावती दाव्याला जोडली आणि ती चूक ना त्यांना दिसली ना मला.

ती दिसली कंपनीच्या वकिलांना. गेल्या उन्हाळ्यात पनवेलला माझी साक्ष झाली. ते म्हणाले, "तुम्ही गिरणीत मोळ्या तोलता?" मी म्हणालो, "भात तोलतो. काट्याला फरक पडत नाही." मागे कोणी तरी हसलं. मग त्यांनी पावती पुढे केली. "वजन चौतीस की तेहतीस?" "मोळी गोणीत भरली होती का?" "नाही." "मग हा एक किलो कसला?" मी म्हणालो, "सवयीचा." आता सगळेच हसले. "म्हणजे तुम्ही सवयीनं खोटी पावती लिहिता?" मी म्हणालो, "चुकीची लिहिली. गोणी नव्हती तरी गोणीचं वजन कापलं. चूक माझी आहे." ते समाधानानं खाली बसले. ताई उठल्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "या चुकीमुळे वजन वाढलं की घटलं?" "घटलं." "बास," ताई म्हणाल्या.

येताना रिक्षात मी माफी मागत होतो. इतक्या वर्षांचा दावा मी एका किलोनं घालवला असंच मला वाटत होतं. चौक गावाजवळ ताई म्हणाल्या, "दिवाणजी, तो किलो तुम्ही एकट्यानं नाही कापलात. या बायकांच्या डोक्यावरचं ओझं काट्यावर येण्याआधीच सगळे थोडं थोडं कापून घेतात. तलाठी कापतो, व्यापारी कापतो, मीही कुठे तरी कापलं असेल. भर कोर्टात कबूल करणारा माणूस मला पहिल्यांदा मिळाला." त्या दिवशी मला हे सांत्वन वाटलं. त्यानंतर दिवाळीच्या सुमारास कंपनीनं पहिल्यांदा सहा लाखांचा आकडा काढला, तोवर कंपनी दोन लाखांच्या पुढे गेली नव्हती. तेव्हा कळलं की ताई मला समजावत नव्हत्या, त्या दाव्याचा पुढचा युक्तिवाद सांगत होत्या.

तो युक्तिवाद त्यांनी अंथरुणावर पडून नीताला सांगितला आणि डिसेंबरमध्ये नीतानं तो केला. नीता ताईंकडे सहा वर्षं काम शिकली. न्यायाधीशांनी जानेवारीत निकाल दिला. साक्षीदाराची चूक त्याला बोलावणाऱ्या बाजूच्याच विरुद्ध जाते, तेव्हा त्याच्या बाकीच्या बोलण्यावर अविश्वास ठेवायला कारण नाही, अशा अर्थाचं त्यात लिहिलं आहे. मोळी, आवणी-कापणीची मजुरी, रानमेवा असं सगळं धरून यमुनेची कमाई महिना आठ हजार मानली गेली. कागदावर शून्य असलेली बाई चार वर्षांनी आठ हजारांवर आली. मला विचाराल तर तेही कमीच आहे. तिच्या घरात चुलीला जे लागत होतं त्याची किंमत त्यात कोणी धरलेली नाही. ताई असत्या तर वरच्या कोर्टात गेल्या असत्या का? मला वाटतं, यमुनेला विचारलं असतं.

ताईंबद्दल लोक आता "गरिबांना मदत करायच्या" असं म्हणतात. शोकसभेतही दोघे जण म्हणाले. मदत हा शब्द त्यांना आवडत नसे. कापून घेतलेलं परत मागायला मदत म्हणत नाहीत, वसुली म्हणतात, असं त्या म्हणायच्या, आणि अशील हात जोडून उभा राहिला तर त्याला ओरडायच्या. टक्केवारी त्यांनी कधी घेतली नाही. फी ठरलेली, पहिल्या दिवशी कागदावर लिहिलेली. यमुनेची बारा हजार ठरली होती. त्यातले साडेचार हजार चार वर्षांत आले होते, कधी पाचशे, कधी दोनशे, दर वेळी पावतीसह.

गेल्या शुक्रवारी यमुना आली. उतार ताईंनी स्वतः थापीनं सारखा केला होता, त्यामुळे उजव्या बाजूला थोडा वाकडा आहे. ती बाजू टाळून कशी चढायची ते तिला माहीत आहे. आत ताईंच्या टेबलाशी नीता बसते. कोपऱ्यात मोळी उभी आहे. साक्षीनंतर ताईंनी ती ऑफिसात आणून ठेवली होती. यमुनेनं रुमालातून साडेसात हजार काढले. नीता म्हणाली, "अगं, राहू दे. ताई गेल्या आता." यमुना म्हणाली, "लिवल्यालं हाय ना? मंग घे. नि पावती दे." नीतानं पावती दिली. मी म्हणालो, "मोळी घरी ने आता. जळण होईल." यमुना म्हणाली, "तिथंच ऱ्हाऊ दे. कोन आला नि बोलला, बाया काय काम करतात, तर त्याला उचलाया सांगा."

मग ती मला म्हणाली, "दिवाणजी, समदे मिळून किती आले, ते तुमच्या त्या कागदावर लिवून द्या. शिक्क्याचा." मी गिरणीत जाऊन पावतीपुस्तक घेऊन आलो. कंपनीनं भरलेली मूळ रक्कम वीस लाख पाच हजार दोनशे ऐंशी, चार वर्षांचं व्याज सहा लाख एक हजार पाचशे चौऱ्याऐंशी. त्यातले पंधरा लाख कोर्टाच्या हुकमाप्रमाणे यमुनेच्या नावानं ठेवीत, बाकीचे तिच्या खात्यात. मी लिहायला बसलो आणि दुसऱ्या रकान्याशी हात थांबला. यमुना पेनाकडे बघत होती.

एकूण २६,०६,८६४. बारदान नाही. निव्वळ २६,०६,८६४. मिळाले यमुनेला.